१९ पार्टचा ऑटोइंजेक्टर सोपा करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न ऑटोइंजेक्टरचा, म्हणजे रुग्णाने स्वतःच इंजेक्शन घ्यायच्या स्प्रिंगच्या उपकरणाचा. थोडक्यात असा: १ मिली लाँग प्रकारची प्री-फिल्ड (आधीच औषध भरलेली) काचेची सिरिंज, आठवड्यातून एकदा घ्यायचं बायोलॉजिक (जिवंत पेशींपासून बनवलेलं) औषध, सिरिंज सोडून १९ पार्ट. बटण दाबलं की मोठी स्प्रिंग आधी सुई आत घालते, मग औषध देते, आणि शेवटी दुसरी स्प्रिंग सुई मागे खेचते. वरून फर्मान आलंय की १९चे १२ करा. सुरुवात कुठून करू?

१९ या आकड्यापासून करू नका.

तुमच्या साहेबांचं अगदीच चुकतंय असं नाही. प्रत्येक पार्टमागे मोल्ड म्हणजे साचा येतो, त्यातल्या पोकळ्या (कॅव्हिटी) येतात, ड्रॉइंग, तपासणी, पुरवठादार, असेंब्लीचं एक स्टेशन, सगळं येतं. पण पार्ट कमी करायचे म्हणून कमी केले की काय होतं ते मी स्वतःच्या हाताने करून पाहिलंय. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत दोन पार्ट जोडून एक केला आणि मोठ्या तोऱ्यात ड्रॉइंग घेऊन भोसरीच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनतात तिथे, गेले. तिथले काका चष्मा वर करून बघत बसले आणि म्हणाले, "मॅडम, पार्ट एक कमी झाला खरा, पण त्याचा सगळा ताप माझ्या डायमध्ये आला." त्या एका पार्टला चार स्लायडर (साच्याचे आडवे सरकणारे तुकडे) लागले. प्रत्येक स्लायडरच्या रेषेवर फ्लॅश (फटीतून बाहेर आलेली प्लॅस्टिकची बारीक झालर), आणि ती फ्लॅश नेमकी सरकत्या पृष्ठभागावर. सहा महिन्यांनी तो पार्ट मुकाट्याने पुन्हा दोन तुकड्यांचा झाला.

म्हणून पार्ट मोजण्याआधी दुसरंच काहीतरी मोजा: इंजेक्शन नीट होण्यासाठी एकापाठोपाठ एक किती गोष्टी बिनचूक घडाव्या लागतात? तुमच्या डिझाइनमध्ये मी मोजल्या. टोपण सुईच्या शील्डसकट (सुईवरच्या झाकणासकट) निघणं, कुलूप फिरणं, बटण दबणं, लॅच (स्प्रिंगला अडवणारी खिटी) सुटणं, कॅरियर (सिरिंज धरणारा पार्ट) पुढे जाणं, बरोबर खोलीवर थांबणं, त्यानंतरच (आधी नव्हे) दट्ट्या (सिरिंजच्या आतला सरकता रबरी तुकडा) सरकणं, आणि शेवटी कॅरियर सुटून मागे येणं. आठ झाल्या. प्रत्येक गोष्ट ९९.९९ टक्के वेळा बरोबर घडते असं धरलं, तरी आठ एकामागे एक आल्यावर हाती राहतात ९९.९२ टक्के. म्हणजे दहा हजारांत आठ उपकरणं दगा देणार. अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामकाने) २०२० मध्ये आणीबाणीच्या इंजेक्टरसाठी जो मसुदा काढला त्यात ९९.९९९ टक्के विश्वासार्हता मागितली आहे, तीही ९५ टक्के खात्रीने. तुमचं औषध आणीबाणीचं नाही, त्यामुळे तो आकडा तुम्हाला जसाच्या तसा लागू नाही. पण हिशेब करून बघण्यासारखा आहे. लाखात एकच चूक परवडते आणि पायऱ्या आठ आहेत, तर प्रत्येक पायरीच्या वाट्याला येते दहा लाखांत सव्वा चूक. एवढी अचूकता प्लॅस्टिकच्या हुकाकडून मागण्यापेक्षा पायरीच काढून टाकणं स्वस्त पडतं.

तेव्हा पहिला प्रश्न हा, की सुई आत घालण्याचं काम स्प्रिंगने करायलाच हवं का?

एपिपेनकडे बघा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीत मारायच्या ॲड्रेनलिनच्या इंजेक्टरकडे. शेल्डन कॅप्लन या अभियंत्याने १९७० च्या दशकात ही यंत्रणा मुळात अमेरिकन सैन्यासाठी बांधली, रासायनिक हल्ल्यानंतर सैनिकाने गणवेशावरूनच मांडीत मारायची म्हणून. १९८७ मध्ये ती ॲड्रेनलिनसाठी मंजूर झाली. तिथे एकच स्प्रिंग सुईही आत मारते आणि औषधही ढकलते. स्प्रिंगला धरून ठेवणारी दांडी टोकाला चिरलेली असते, त्या चिरेत निळ्या टोपणाची पिन बसते, आणि पिन असेपर्यंत दांडीचे चिरलेले दोन पाय जवळ येऊ शकत नाहीत. पिन काढली, मांडीवर दाबलं, दांडीचे पाय दबले, दांडी सुटली. बघत राहावं असं काम आहे. पण तिथे स्प्रिंगने सुई मारण्याला कारण होतं. घाबरलेला माणूस, जाड कापड, आणि सुई पोचवायची ती स्नायूत. तुमचा रुग्ण घरी, सोफ्यावर, शर्ट वर करून, त्वचेखाली आठवड्याचं इंजेक्शन घेतो. त्याच्यासाठी सुई स्नायूत सणकन मारायची गरज नाही. तो स्वतःच उपकरण त्वचेवर दाबेल, पुढचं सुईसंरक्षक नळकांडं (ते आणि त्याची छोटी स्प्रिंग तुमच्याकडे आहेतच) आत सरकेल, सुई त्याच्याच हाताच्या जोराने आत जाईल, आणि नळकांडं पुरेसं मागे गेलं की तेच औषधाची स्प्रिंग सोडेल. उचललं की नळकांडं स्वतःच्या छोट्या स्प्रिंगने बाहेर येऊन लॉक होईल. आजची बरीचशी दोन पायऱ्यांची उपकरणं याच तऱ्हेने चालतात: टोपण काढा, दाबा.

आता बघा काय काय गेलं. बटण गेलं. त्याचं फिरतं कुलूप गेलं. सुई मागे खेचणारी स्प्रिंग गेली. 'आधी सुई, मग औषध, मग माघार' हा क्रम राखणारी ती अवघड बाही गेली. तुमच्या ड्रॉइंगमध्ये सगळ्यात जास्त टॉलरन्स (मापात चालणारा फरक) लिहिलेला पार्ट तोच आहे, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. कॅरियर सरकत नसल्यामुळे त्याचे दोन अर्धे करायचं कारण उरलं नाही. आणि नळकांड्याचं लॉक वेगळं न ठेवता नळकांड्याच्याच मागच्या बोटांत काढता येतं. सहा पार्ट कमी झाले, १९चे १३. यातला एकही मी दुसऱ्याला चिकटवून लपवलेला नाही. काम गेलं म्हणून पार्ट गेला. लॉकचं तेवढं काम राहिलं, पण ते फुकटात बसलं.

याची किंमत आहे, आणि ती लपवू नका. स्प्रिंगने मारलेली सुई कळायच्या आत आत जाते. हाताने दाबताना काही जण अर्ध्यावर कचरतात. मग सुई अर्धवट आत असतानाच औषध सुटू शकतं, किंवा माणूस घाबरून उचलतो आणि औषध त्वचेवर ओघळतं. म्हणून औषध सुटण्याचा क्षण नळकांड्याच्या प्रवासाच्या अगदी शेवटाकडे ठेवा. शिवाय नळकांड्याच्या स्प्रिंगचा जोर सुरुवातीला अंमळ जास्त ठेवा, म्हणजे एकदा तो ओलांडला की हात आपोआप पुढे जातो. तळघरातली जुनी कडी उघडताना कसं होतं, एकदा सुटली की सुटली, तसं.

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येते. तुमचं उपकरण काम करतं दहा-पंधरा सेकंद. ती मोठी स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत पडून राहते दोन वर्षं, कधी तीन. म्हणजे डिझाइन करायचं आहे ते दोन वर्षं न सुटण्याचं. आणि तिला अडवून कोण बसलंय, तर तुमच्या ड्रॉइंगच्या बी-बी सेक्शनमध्ये (आडव्या छेदात) दिसतंय त्याप्रमाणे ०.८ मिमी जाडीचे दोन प्लॅस्टिकचे हुक.

एक अनुभव सांगते. कंपनीचं नाव नको. अशाच हुकांचं डिझाइन आमच्याकडे होतं, गणितात चोख, ताण मर्यादेच्या खूप खाली. ४० अंशांच्या चेंबरमधून काही महिन्यांनी नमुने काढले. तंत्रज्ञ मुलगा एकेक टोपण काढून पुढे ठेवत होता. एक टोपण काढलं आणि टक्! उपकरण टेबलावर असतानाच सुटलं, त्याच्या वहीवर औषधाची ओली रेघ. खोलीत कुणीच काही बोललं नाही. हुक तुटला नव्हता. त्याने मान टाकली होती. प्लॅस्टिकला सतत भाराखाली ठेवलं की ते हळूहळू वाकत जातं, आपण त्याला क्रीप म्हणतो, आणि उष्णतेत ते भराभर होतं. हुकाची पकड रोज केसभर कमी होत होती. टोपण काढतानाचा हिसका फक्त निमित्त झाला.

आमची पहिली बुद्धी काय झाली असेल? आणखी एक सेफ्टी लॉक लावा. लावलं. पार्ट एक वाढला. मग असेंब्लीत ते लॉक उलटं बसायला लागलं, म्हणून ते ओळखायला कॅमेरा आला. गुंतागुंत अशीच वाढते, एकेक शहाणपणाचा निर्णय घेत घेत. शेवटी मूळ ड्रॉइंग पुन्हा काढलं तेव्हा दिसलं की दोष हुकाच्या मजबुतीत नव्हताच. हुकाने स्वतःच्या ताठपणावर भार धरला होता, तिथे घोडं अडलं होतं.

उपाय जुनाच आहे, तुम्हीही करा. प्लंजरच्या (दट्ट्याला रेटणाऱ्या दांडीच्या) मागच्या दोन भुजा घराच्या, म्हणजे उपकरणाच्या बाहेरच्या कवचाच्या, कडेवर टेकवा, पण टेकण्याचा पृष्ठभाग किंचित उतरता ठेवा, म्हणजे स्प्रिंगच्या जोराने भुजा बाहेर फाकायलाच बघतील. आणि त्यांना फाकू द्यायचं नाही, बाहेरून एक बंद कडं चढवायचं. कडं जागेवर आहे तोवर भुजांना जायला जागाच नाही. त्या मऊ पडल्या तरी काही बिघडत नाही, कारण त्यांच्या ताठपणावर काहीच अवलंबून नाही. भार कड्यावर येतो, आणि कडं बंद वर्तुळ असल्याने ते सहज पेलतं. नळकांडं मागे आलं की कडं सरकवतं, भुजा फाकतात, प्लंजर सुटतो. तुमच्याकडे लॅचची वेगळी रिंग आहेच. तिलाच हे कडं करा, पार्ट वाढणार नाही.

उताराचा कोन मात्र डोळे झाकून ४५ अंश घेऊ नका. स्प्रिंगचा जोर २० न्यूटन धरा. ४५ अंशांवर भुजा कड्याला मिळून २० न्यूटननेच रेटतात. घर्षणांक ०.२ धरला तर कडं सरकवायला ४ न्यूटन जादा लागतात, म्हणजे रुग्णाच्या हातावर तेवढा भार वाढतो. बरं, कमी म्हणून १० अंश घेतले, तर १० अंशांचा टॅन ०.१७६, घर्षणांकापेक्षा लहान. कडं सरकेल आणि भुजा तिथेच चिकटून बसतील. उपकरण सुटायचंच नाही. आम्ही २५ ते ३० अंशांवर स्थिरावलो, तिथे जादा जोर दोन-सव्वादोन न्यूटन पडतो आणि सुटण्याची खात्रीही हातात राहते. दोन वर्षं एकमेकांवर दाबून बसलेल्या पृष्ठभागांचं घर्षण नव्या नमुन्याहून जास्त येतं, म्हणून आकडा ताज्या पार्टवरून काढू नका. एक बाजू ॲसिटल या प्लॅस्टिकची असेल तर समोरची पॉलिकार्बोनेट किंवा एबीएसची घ्या. ॲसिटलवर ॲसिटल ठेवलं की कधी कुरकुरतं, कधी झटके देतं. आणि ग्रीस लावून प्रश्न सोडवण्याचा मोह टाळा. ग्रीस म्हणजे न मोजलेला विसावा पार्ट.

आता सिरिंज. इथे मी तुम्हाला पार्ट ठेवायला सांगणार आहे, बहुतेक जण काढायला सांगतील.

तुमच्या नव्या स्केचमध्ये सिरिंज मागच्या बाजूने, म्हणजे बोटं टेकवायच्या फ्लँजवर धरली आहे. कारण उघड आहे, घरातच एक कड काढली की काम झालं, कॅरियर नको. पण बळ कुठून कुठे जातं ते बोटाने गिरवा. स्प्रिंग दट्ट्याला पुढे रेटते, दट्ट्या द्रवाला, द्रव काचेच्या पुढच्या खांद्याला, जिथे नळी निमुळती होते. खांदा पुढे ओढला जातो आणि मागे फ्लँज अडकलेली आहे. म्हणजे मधली सगळी नळी ताणली जाते. काच दाबाखाली वाघ, ताणाखाली शेळी. त्यात प्लंजर आणि दट्ट्यामध्ये सुरुवातीला पोकळी ठेवावीच लागते, कारण दट्ट्या प्रत्येक सिरिंजमध्ये थोडा वेगळ्या जागी असतो. २ मिमी पोकळीतून २० न्यूटनने धावत आलेला प्लंजर ४० मिलिज्यूलचा दणका देतो. त्या दणक्याला फ्लँजजवळ एखादा बारीक चरा सापडला की संपलं.

सिरिंज पुढच्या खांद्यावर टेकवली तर द्रव जिथे ढकलतो तिथेच खाली आधार मिळतो, नळीला लांबीच्या दिशेने ताण येत नाही. आणि दुसरा फायदा मोजमापांचा आहे. १ मिली लाँग सिरिंजच्या काचेच्या नळीची लांबी मानकाप्रमाणे ५४ मिमी, अधिक-उणे ०.५. फ्लँजवर धरली की हा अर्धा मिलिमीटर सुईच्या खोलीत येतो आणि दट्ट्या शेवटी कुठे थांबतो त्यातही येतो. नळीचा आतला व्यास ६.३५ मिमी, म्हणजे अर्धा मिलिमीटर सुमारे ०.०१६ मिली. दट्ट्या खांद्याला टेकेपर्यंत जात असेल तर औषध पूर्णच जातं, पण 'औषध संपलं' हे सांगणारा क्लिक अर्धा मिलिमीटर आधी किंवा नंतर वाजतो. खांद्यावर धरली की ही लांबी साखळीतून साफ गळते.

मग सगळे खांद्यावरच का धरत नाहीत? कारण पुढे सुईवर कडक शील्ड असतं, आणि खांद्याला आधार देणारी कड जितकी आत यावी लागते तितक्या जागेतून ते शील्ड जाताना अडकतं. म्हणून कॅरियरच्या पुढच्या टोकाला चिरा देऊन बोटं करावी लागतात. शील्ड जाताना ती फाकतात, मग जवळ येतात, आणि कॅरियर घरात बसला की घराची भिंत त्यांना पुन्हा फाकू देत नाही. भुजा आणि कड्याचीच युक्ती, दुसऱ्यांदा. हा कॅरियर म्हणजे एक पूर्ण पार्ट आणि अवघड मोल्ड. तरीही ठेवा. पार्टच्या यादीत एक वाढतो, पण टॉलरन्सच्या साखळीतून एक मोठी कडी जाते आणि काच फुटायचं मूळ कारण जातं. साधेपणा यादीत दिसतोच असं नाही.

बूथरॉइड आणि ड्यूहर्स्ट यांचे पार्ट कमी करण्याचे तीन प्रश्न कॉलेजात शिकला असाल. हा पार्ट शेजाऱ्याच्या तुलनेत हलतो का? वेगळ्या मटेरियलचा असायलाच हवा का? जोडणीसाठी वेगळा लागतो का? तिन्हीला 'नाही' आलं तर पार्ट काढा. चांगले प्रश्न आहेत, मी आजही विचारते. कॅरियर तिसऱ्या प्रश्नावर वाचतो.

स्प्रिंगबद्दल एक गोष्ट आत्ताच करून घ्या. फार्मा टीमकडे जा आणि औषधाच्या घट्टपणाचा आकडा मागा, तोही तापमानासकट. आपल्याकडे मेकॅनिकलची माणसं हा आकडा शेवटी विचारतात आणि मग स्प्रिंग जाड, म्हणून हुक जाड, म्हणून घर मोठं, अशी रांग लागते. सुईतून द्रव ढकलायचा दाब आतल्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. १० सेंटिपॉइज घट्टपणाचं औषध, १ मिली, १० सेकंदांत, २० मिमी लांबीच्या २७ गेजच्या पातळ भिंतीच्या सुईतून (आतला व्यास ०.२४१ मिमी) द्यायचं तर दट्ट्यावर साधारण ७.७ न्यूटन लागतात. रबराचं घर्षण चार-पाच धरलं तर बारा-तेरा. हेच २९ गेजच्या पातळ भिंतीच्या सुईतून (०.१९ मिमी) द्यायचं ठरलं तर घर्षण सोडून २० न्यूटन. नुसती सुई बदलली आणि अडीच पटींहून जास्त. बारीक सुई कमी दुखते म्हणून मार्केटिंग २९ मागेल. त्यांना सांगा, हरकत नाही, मग इंजेक्शन पंचवीस सेकंदांचं होईल. सहसा एवढ्यावर मिटतं. आणि हे जोर मोजायचे ते स्प्रिंगच्या प्रवासाच्या शेवटी, जिथे ती सगळ्यात कमकुवत असते. फ्रिजमधून काढल्या काढल्या औषध जास्त घट्ट असतं आणि सूचनापत्रात लिहिलेला अर्धा तास कुणीही थांबत नाही, हेही धरून चला. स्प्रिंग लांबट आणि सडपातळ असेल तर आत मार्गदर्शक दांडी लागतेच, नाहीतर ती सापासारखी वाकते. ती दांडी १३ मध्ये धरलेली आहे, काढू नका.

टोपण आणि क्लिकबद्दल मी प्रयोगशाळेत कमी आणि सांगलीच्या मावशीकडे जास्त शिकले. तिला संधिवात, बोटं वाकलेली. पहिल्यांदा ऑटोइंजेक्टर घेताना मी शेजारी बसले होते, तोंड बंद ठेवायचं ठरवून. तिने उपकरण काखेत घट्ट धरलं आणि टोपण दोन्ही तळव्यांच्या मध्ये दाबून ओढलं. चिमटीत धरणं तिला जमतच नव्हतं. आमच्या सगळ्या चाचण्या अंगठा आणि तर्जनीने टोपण ओढायच्या. त्यानंतर मी टोपणाला नेहमी एक बाहेर आलेली कड देते, तळव्याचा खालचा भाग अडकवून रेटता येईल अशी. तीच कड उपकरण टेबलावरून गडगडू देत नाही. टोपणाच्या आत शील्ड पकडणारं वेगळं ग्रिपर आहे तुमच्याकडे, ते राहू दे. ते टोपणातच ओतायचा प्रयत्न मी दोनदा केला. दोन्ही वेळा पकड तरी सैल झाली, नाहीतर जोडताना शील्ड ढकललं जाऊन सुईच्या टोकावर ओरखडा आला.

मग तिने उपकरण मांडीवर दाबलं, संपूर्ण तळहाताने, कारण बटण नव्हतं. ते तिला सोपं गेलं. टक् असा आवाज आला आणि तिने लगेच उचललं. "झालं ना गं?" सुरुवातीचा क्लिक तिने शेवटचा समजला होता. थेंब थेंब औषध साडीवर. तिची चूक नव्हती. घरातलं मिक्सरपासून गॅसच्या लायटरपर्यंत सगळं 'टक्' म्हणजे 'काम झालं' असंच शिकवतं.

तेव्हा दोन क्लिक द्यायचे तर त्यांचे आवाज वेगळे हवेत, पहिला मऊ आणि शेवटचा ठसठशीत. मी तर शक्य तिथे पहिला मुद्दाम दाबून टाकते, भुजांचं फाकणं हळुवार करून. खिडकी मोठी ठेवा आणि प्लंजर भडक रंगाचा, म्हणजे खिडकी पूर्ण रंगली की संपलं हे चष्म्याशिवायही दिसेल. एवढंच की रंग ठरवाल तेव्हा मोल्ड ट्रायल त्याच रंगाच्या दाण्यांनी घ्या. रंगद्रव्य बदललं की प्लॅस्टिकचं आकुंचनही थोडं बदलतं, आणि पांढऱ्यात छान बसलेली भुजा केशरीत ढिली निघते.

असेंब्लीचं लवकर उरकते, कारण इथे फारसा वाद नाही. पुढचं अर्धं आणि मागचं अर्धं, असे दोन उपजोड तुमच्याकडे तयार व्हावेत आणि औषध कंपनीत भरलेली सिरिंज मध्ये ठेवून ते एकाच अक्षावर, एकाच दाबाने बंद व्हावेत. फिरवणं नको, तिरकं घालणं नको. तिकडचा माणूस तुमचं ड्रॉइंग बघणार नाही, त्याला फक्त खाली दाबणारं मशीन माहीत. दाबलेली स्प्रिंग मागच्या अर्ध्यात कडं अडकवून बंद झालेली असावी, म्हणजे प्रवासात मोकळी स्प्रिंग कुणाच्या हातात येणार नाही. आणि १ मीटरवरून पाडायची चाचणी आयएसओ ११६०८ या मानकात आहे ती शेवटी न ठेवता पहिल्या थ्रीडी प्रिंटनंतर लगेच कच्च्या नमुन्यावर करून बघा. प्रिंटचं प्लॅस्टिक वेगळं असतं, निकाल नोंदवायचा नाही. कड्याचं भुजांवरचं आच्छादन किती हवं याचा अंदाज मात्र येतो. टोपणावर पडलं की कडं जडत्वाने केवढं सरकतं ते हाय-स्पीड कॅमेऱ्यात बघा. आमचं १ मिमी सरकलं होतं, म्हणून आच्छादन २.५ मिमी ठेवलं.

इन्सुलिनसारखं डोस फिरवून लावायचं पेन असतं तर यातलं निम्मं मी वेगळं सांगितलं असतं. तिथे ३ मिली कार्ट्रिजमध्ये एक युनिट म्हणजे दट्ट्याचा जेमतेम ०.१४ मिमी प्रवास, सगळा खेळ आट्यांचा आणि त्यांच्यातल्या ढिलाईचा. तिकडची कुठलीही यंत्रणा इकडे उसनी आणू नका. तुमच्या स्केचमध्ये एक स्क्रू आहे, तो मला तिकडूनच आलेला वाटतो.

तर साहेबांकडे १३ घेऊन जा. बाराच हवेत असा हट्ट धरला तर उमेदवार एकच, क्लिक करणारी पट्टी. ती मागच्या बुचातच जीभ म्हणून काढता येते. पण बूच कडक हवं आणि जीभ लवचीक, एकाच मटेरियलमध्ये दोघांचं भांडण लागणार. म्हणून पहिल्या मोल्डमध्ये पट्टी वेगळीच ठेवा, क्लिकचा आवाज आणि जागा दोन्ही ठरू द्या, आणि बुचाच्या मोल्डमध्ये जिभेसाठी इन्सर्टची (बदलता येणाऱ्या तुकड्याची) जागा आधीच सोडायला सांगा. टूलरूमवाले थोडी कुरकुर करतील. आत्ता सांगितलं तर इन्सर्टची किंमत पडते, नंतर सांगितलं तर अख्ख्या मोल्डची.